शेरलॉक होम्सवर फॅनफिक्शन (म्हणजे आवडत्या पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टी) लिहिताना तो होम्सच वाटावा यासाठी काय करायचं?

तुम्ही विचारलंय की तुमच्या गोष्टीत पाइप आहे, व्हायोलिन आहे, बुटाच्या चिखलावरून माणूस कुठून आला ते ओळखणंही आहे, तरी वाचणारे म्हणतात हा होम्स वाटत नाही. मी सहा-सात वर्षं मराठीत होम्सच्या गोष्टी लिहितेय आणि सुरुवातीला मलाही अगदी हेच ऐकायला मिळायचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या डोक्यातला होम्स नक्की कुठून आलाय ते बघा. "एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन" हे वाक्य होम्सचा लेखक कॉनन डॉइलच्या 56 कथा आणि 4 कादंबऱ्यांत कुठेच नाही. होम्सला चकवणारी आयरीन अ‍ॅडलर प्रत्यक्ष येते ती एकाच कथेत, 1891 सालच्या, आणि होम्सला तिच्याबद्दल प्रेमबिम वाटत नव्हतं हे वॉटसन तिथे सुरुवातीलाच सांगून टाकतो. आणि कृपा करून वॉटसनला बावळट करू नका, मला याचा खरंच त्रास होतो. होम्स मरायला टेकल्याचं सोंग करतो ती कथा आठवा, त्यात तो वॉटसनला जवळ फिरकू देत नाही, कारण नाडी आणि ताप बघितला की हा डॉक्टर सोंग लगेच पकडणार, चार यार्ड लांब ठेवला तरच फसेल, असं होम्स नंतर स्वतः कबूल करतो. म्हणजे वॉटसनच्या हुशारीला होम्स किती मानतो ते यात आलं, कौतुकाचा एक शब्दही आधी न बोलता.

आता खरा मुद्दा. माझ्या सुरुवातीच्या एका गोष्टीत वॉटसन तापाने फणफणलेला आणि होम्स त्याच्या उशाशी बसून तू माझ्यासाठी काय आहेस हे पानभर बोलतो असा सीन होता, मी तो रडत रडत लिहिला होता. एका मैत्रिणीने वाचला आणि म्हणाली, छान आहे गं, पण हे बोलतंय कोण? मग मी तीन गॅरिडेबांची कथा पुन्हा काढली, 1924 ची. त्यात वॉटसनच्या मांडीला गोळी चाटून जाते. होम्स आधी पिस्तूल गोळी झाडणाऱ्याच्या डोक्यात हाणतो, मग वॉटसनला धरून खुर्चीत बसवतो आणि देवासाठी सांग तुला लागलं नाहीये म्हणतो, ओठ थरथरतायत, डोळे क्षणभर भरून आलेत. चाकूने वॉटसनची पँट फाडून जखम बघतो, वरवरची आहे म्हणून सुस्कारा टाकतो, आणि त्या गुन्हेगाराला सांगतो की वॉटसन मेला असता तर तू या खोलीतून जिवंत बाहेर पडला नसतास. बस, लगेच पुन्हा केस सुरू. इतक्या वर्षांच्या दोस्तीत वॉटसनला हे एवढंच बघायला मिळतं आणि तो म्हणतो यासाठी अशा कितीतरी जखमा चालतील. होम्सला भावना नाहीत असं नाही, पण त्या तो हाताने दाखवतो, तोंडाने नाही. राखेवर, मातीवर, गुप्त लिपींवर तो तासभर बोलेल, मनातल्या गोष्टीवर एक वाक्य आणि विषय बदल. माझ्या सीनमध्ये मी शेवटी सगळं भाषण काढलं आणि होम्स रात्रभर त्याच खोलीत, पाइप न पेटवता बसलाय एवढंच ठेवलं, कारण धुराने वॉटसनला खोकला येतो. मैत्रिणीला तो होम्स पटला.

म्हणूनच शक्यतो वॉटसनकडून सांगा. 60 पैकी 4 सोडल्या तर सगळ्या गोष्टी तोच सांगतो, आणि होम्सच्या डोक्यात शिरून तुम्ही "त्याला एकटं वाटलं" लिहिलंत की संपलं. वॉटसनला जे दिसलं तेवढंच लिहा, त्याला कळलं नाही ते वाचणाऱ्याला कळू दे.

मराठीत लिहिताना अजून एक, इंग्रजीत "यू" म्हटलं की सुटलो, आपल्याला तू की तुम्ही ते ठरवावंच लागतं. मी दोघांना आडनाव आणि तू देते, "वॉटसन, तू येतोयस ना?", कॉलेजातली पोरं एकमेकांना आयुष्यभर आडनावानेच हाक मारतात तसं. "जॉन" आणि "शेरलॉक" सिरीयलमध्ये चालतं, पुस्तकातला वॉटसन त्याला कधीच शेरलॉक म्हणत नाही. म्हणतो तो मायक्रॉफ्ट, सात वर्षांनी मोठा भाऊ. पोलीस इन्स्पेक्टर लेस्ट्रेड आणि घरमालकीण मिसेस हडसन यांना मात्र तुम्ही.

आणि तुमच्या गोष्टीत होम्स एकदाही चुकत नसेल तर एकदा चुकवून बघा. नॉरबरी नावाच्या गावातल्या केसमध्ये त्याचा अंदाज सपशेल चुकतो, आणि तो वॉटसनला सांगतो की मी कधी फार फुशारलो किंवा कामात कुचराई केली तर माझ्या कानात फक्त "नॉरबरी" म्हण.