‘एसडीए’मधलं ‘एसडी’ कुठून आलं?

प्रश्न असा आहे: लिनक्समध्ये हार्ड डिस्कचं नाव एसडीए दिसतं, पेनड्राइव्ह लावला की एसडीबी. हे ‘एसडी’ एसडी कार्डातलंच का? आणि मराठीत समजावताना ‘एसडीए म्हणजे पहिली हार्ड डिस्क’ असं लिहिलं तर चालेल का?

एसडी कार्डाशी याचा काही संबंध नाही. हे एसडी म्हणजे स्कझी डिस्क. डिस्कला आज्ञा कशा द्यायच्या हे ठरवणारं स्कझी हे प्रमाणक १९८६ सालचं. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, या डिस्क सांभाळणाऱ्या ड्रायव्हरच्या फाइलचं नावही ‘एसडी डॉट सी’ असंच आहे. ‘स्टोरेज डिव्हाइस’ असाही विस्तार वाचायला मिळतो, पण तो मागाहून जुळवलेला आहे.

यावर लगेच शंका येते, की घरच्या पीसीत स्कझी डिस्क होतीच कधी? सहसा नव्हतीच. तेव्हा आयडीई या जोडणीच्या डिस्क असायच्या, एका केबलवर दोन (मास्टर आणि स्लेव्ह), आणि त्यांची नावं एचडीए ते एचडीडी अशी, जागेवरून ठरलेली. पहिल्या केबलवरची मास्टर एचडीए, स्लेव्ह एचडीबी, दुसऱ्या केबलवरची मास्टर एचडीसी. त्यामुळे एचडीबी मशीनमध्ये नसली तरी दुसऱ्या केबलवरचा सीडी ड्राइव्ह एचडीसीच राहायचा. पुढे साटा या नव्या जोडणीच्या डिस्क आल्या. त्या कर्नलने आपल्या स्कझी विभागामार्फतच चालवायला घेतल्या, आणि पेनड्राइव्ह तर यूएसबीच्या वाटेने स्कझीच्याच आज्ञा ऐकतो. म्हणून सगळे एसडी. नावातली ही दोन अक्षरं कर्नल त्या वस्तूशी कोणत्या मार्गाने बोलतो तेवढंच सांगतात. एसडी कार्डावरच हे पाहता येतं: यूएसबी रीडरमधून लावलं तर ते एसडीबी होतं, आणि लॅपटॉपची खाच थेट कार्डाच्या कंट्रोलरला जोडलेली असेल तर तेच कार्ड एमएमसीबीएलके० म्हणून उगवतं! एनव्हीएमई या नव्या, वेगवान प्रकारच्या डिस्कला स्कझी लागत नाही, म्हणून तिचं नाव वेगळं: एनव्हीएमई०एन१पी२, म्हणजे कंट्रोलर ०, नेमस्पेस (त्या कंट्रोलरमागची साठवणीची जागा) १, पार्टिशन (डिस्कचा पाडलेला भाग) २. डिस्कचं नावच अंकाने संपतं, तेव्हा पार्टिशनचा अंक त्याला चिकटू नये म्हणून मधे ‘पी’ घालतात.

आता दुसरा प्रश्न. ‘पहिली हार्ड डिस्क’ असं लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शेवटचं अक्षर दवाखान्यातल्या टोकनसारखं आहे, जी डिस्क आधी सापडली तिला आधीचं. झेड संपला की एसडीएए. मशीन पुन्हा सुरू केल्यावर दोन डिस्कची अक्षरं अदलाबदल होऊ शकतात, आणि लेखातली, डिस्कवर थेट लिहिणारी ‘डीडी’ची आज्ञा तशीच उतरवून घेणाऱ्याची भलतीच डिस्क पुसली जाऊ शकते.

कर्नलच्या आतला हिशेब तर आकड्यांचा आहे. डिव्हाइस फाइली जिथे असतात त्या डेव्ह फोल्डरमध्ये ‘एलएस’ या आज्ञेची सविस्तर यादी पाहा: एसडीएच्या ओळीत, जिथे एरवी फाइलचा आकार असतो तिथे ‘८, ०’ दिसेल. ८ म्हणजे स्कझी डिस्कचा ड्रायव्हर, ० म्हणजे त्याच्याकडची कोणती वस्तू. एसडीए१ला, म्हणजे तिच्या पहिल्या पार्टिशनला, ‘८, १’ आणि एसडीबीला ‘८, १६’, कारण प्रत्येक डिस्कला पार्टिशनांसकट १६ आकडे राखून ठेवलेले आहेत. तेच दोन आकडे देऊन दुसऱ्या नावाची डिव्हाइस फाइल बनवली, तरी उघडते तीच डिस्क.

कायमची ओळख हवी असेल तर यूयूआयडी हा ओळख क्रमांक वापरावा. तो फॉरमॅट करताना फाइल सिस्टिममध्येच लिहिला जातो, म्हणून केबल बदलली तरी टिकतो. पुन्हा फॉरमॅट केलं की मात्र सहसा नवा मिळतो. कोणती फाइल सिस्टिम कुठे जोडायची हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये यूयूआयडीच्या ओळी दिसतात त्या यासाठीच.

तेव्हा मराठीत ‘आत्ता एसडीए या नावाने दिसणारी डिस्क’ असं लिहावं. वाक्य थोडं लांबतं, पण बरोबर राहतं. आणि पुढे आज्ञा द्यायची असेल, तर त्याआधी वाचकाला डिस्कची यादी दाखवणारी ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा चालवून डिस्कचा आकार ताडून पाहायला जरूर सांगावं.