बाबा विचारतात ती मालिका

ओहायोहून एका ताईंचं पत्र आलं आहे. आई गेल्यानंतर त्यांचे बाबा साताऱ्याहून पहिल्यांदाच सहा महिन्यांसाठी आले आहेत. दिवसभर खिडकीशी बसून असतात. एका रात्री जेवताना म्हणाले, "ती मालिका होती बघ, तुझी आई आमटी गॅसवर ठेवून बघत बसायची. नाव काय गं तिचं?" ताईंनी दोन रात्री शोध घेतला, पण ती सापडली नाही. नवरा म्हणतो, सोडून दे. बाबा मात्र रोज विचारतात.

ताई, सोडू नका. फक्त शोधायची रीत बदला.

बाबांना नाव विचारू नका. नाव तर तेच तुम्हाला विचारताहेत. त्याऐवजी घराचं विचारा. टीव्ही कुठल्या खोलीत होता? शेजारचं कोण बघायला यायचं? तुम्ही तेव्हा कितवीत होता? मालिका आठवड्यातून एकदा लागायची की रोज? या शेवटच्या प्रश्नाने निम्मं काम होतं. आठवड्याला एक भाग ही दूरदर्शनची जुनी चाल. रोज लागायची असं बाबा म्हणाले, तर नव्वदच्या दशकाच्या अखेरीकडे या. 'दामिनी' तेव्हाची. 1999 मध्ये अल्फा मराठी ही वाहिनी (आताची झी मराठी) आली आणि 'आभाळमाया', 'प्रपंच' घरोघरी पोचल्या.

चित्र काळं-पांढरं आठवत असेल, तर तेवढ्यावरून साल ठरवू नका. दूरदर्शन 1982 मध्ये रंगीत झालं, पण आपल्याकडे कितीतरी घरांत जुना संच पुढे अनेक वर्षं चालू होता. नटावरूनही फसगत होते. "दिलीप प्रभावळकर होते" एवढ्यावर थांबू नका. सत्तरच्या दशकात बाळ कर्वे यांच्या गुंड्याभाऊसोबत चिमणराव झाले ते तेच, आणि वीसेक वर्षांनी 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधले आबाही तेच. बाबांच्या मनात ही दोन्ही घरं एक झाली असतील, तर त्यात नवल नाही.

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे शीर्षकगीत. कथा विसरलेली माणसं चाल अचूक गुणगुणतात. 'गोट्या'चं नुसतं नाव काढा, पन्नाशीतली माणसं गायला लागतात. बाबा गुणगुणतील तेव्हा फोनवर मुद्रित करून ठेवा आणि त्यांच्या वयाच्या नातेवाइकांना पाठवा. चालीचीही गल्लत होऊ शकते, म्हणून एक लक्षात ठेवा: 'गोट्या' आणि 'आभाळमाया' दोन्हींचं संगीत अशोक पत्कींचं आहे. इंटरनेटवर शोधताना शब्द देवनागरीत टाका. इंग्रजी अक्षरांत एकाच मराठी नावाची चार रूपं होतात आणि हवं ते निसटतं. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीने आणि प्रसार भारतीच्या संग्रहाने बरंच जुनं यूट्यूबवर ठेवलं आहे, तिथून सुरुवात करा.

तरीही सापडणार नाही, अशी शक्यता आहे. त्या काळी टेप महाग होत्या. एका कार्यक्रमावरच पुढचा मुद्रित व्हायचा, आणि सुरुवातीचं पुष्कळसं तर थेट प्रक्षेपित होऊन तिथेच संपलं. दूरदर्शनचं मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. त्या पहिल्या वर्षांतलं किती गेलं याची मला फार हळहळ वाटते. ते आता पाहणाऱ्यांच्या आठवणीतच उरलं आहे, आणि त्या पाहणाऱ्यांपैकी एक तुमच्या खिडकीशी बसलेले आहेत.

साताऱ्याच्या घरी कुणी मालिका कॅसेटवर उतरवून घेतली होती का, तेही विचारा. असली तर तिकडेच डिजिटल करून घ्यायला सांगा, इकडे मागवू नका. भारतात चित्रमुद्रणाची पाल पद्धत, अमेरिकेत एनटीएससी. तुमच्याकडच्या जुन्या व्हीसीआरवर ती कॅसेट नीट दिसणार नाही. बुरशी आली असेल तर घरच्या यंत्रात मुळीच घालू देऊ नका, फीत तुटते.

मुलांना जबरदस्तीने बसवू नका. बाबांसोबत 'टिपरे'चा एखादा भाग लावा. आजोबा, मुलगा-सून, नातवंडं असं तीन पिढ्यांचं घर आहे ते, आणि मागचं न पाहताही भाग कळतो. मुलांना संथ वाटेल. वाटू द्या. मध्येच एखाद्या मराठी शब्दाचा अर्थ विचारला, तर तुम्ही गप्प राहा, बाबांना सांगू द्या.

आणि ती मालिका खरंच सापडली, तर बाबांना सगळ्यांसमोर अचानक दाखवू नका. आधी सांगा. ते लगेच बघतीलच असं नाही. बघायला बसले तर शेजारी बसा आणि पहिल्या पाच मिनिटांनंतर विचारा, "पुढचं लावू का?" डोळ्यांत पाणी आलं म्हणून घाईने बंद करू नका.

तुमच्या पत्रात मला ते आमटीचं वाक्य सगळ्यात मोलाचं वाटलं. आई कुठे बसायची, आमटी कधी करपली का, करपली तेव्हा बाबा काय म्हणाले, हे आजच विचारा. साताऱ्यातल्या शेजारच्या काकूंना रविवारी सकाळी नऊला व्हिडिओ कॉल लावा, तिकडे तेव्हा संध्याकाळ असते. फोन बाबांच्या हातात द्या आणि तुम्ही स्वयंपाकघरात जा.