इगतपुरी सुटल्यावर मोबाइलवरचे बोलणे का तुटते?
नाशिकरोडहून मुंबईला जाताना कसारा घाटात बोलणे तुटते आणि फाइव्ह-जी आल्यावरही तसेच का, असा आपला प्रश्न आहे. मोबाइल हा मुळात रेडिओ संचच आहे. तो आवाजाचे अंकांत रूपांतर करून रेडिओलहरींनी जवळच्या टॉवरकडे पाठवतो आणि तेथून पुढचा प्रवास बहुधा जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरमधून होतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. प्रत्येक टॉवरचे क्षेत्र मर्यादित असल्यामुळे धावत्या गाडीतला फोन एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो. सपाटीवर हे आपल्याला जाणवतही नाही, घाटात मात्र डोंगर आणि बोगदे लहरी अडवतात आणि पुढचा टॉवर हाती लागण्याआधीच मागचा सुटतो.

भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या फाइव्ह-जीने वेग वाढवला खरा, पण त्याच्या ३,५०० मेगाहर्ट्झच्या (मेगाहर्ट्झ हे लहरींच्या दर सेकंदाच्या कंपनांचे माप) आसपासच्या लहरी ७०० मेगाहर्ट्झच्या, म्हणजे कमी कंपनांच्या, लहरींइतक्या दूर पोहोचत नाहीत आणि भिंतींतूनही कमी शिरतात. त्यामुळे नाशिक शहरातल्या कॉलेज रोडवर मिळणारा वेग घाटात मिळेल अशी अपेक्षा धरू नये. उपग्रहाशी थेट जोडले जाणारे फोन आता आले आहेत. तथापि बोगद्यातून आकाशच दिसत नसल्याने तेथे त्यांचाही उपयोग नाही.