खडे आहेत, त्रास नाही

प्रश्न : इतर कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत पित्ताशयात ८ मिलिमीटरचे दोन खडे दिसले. दुखत काहीच नाही. ऑपरेशन आत्ताच उरकून घ्यावे का?

उत्तर : बहुधा नाही. असे मूक, म्हणजे त्रास न देणारे, खडे असलेल्यांपैकी वर्षाला साधारण शंभरात एकदोघांचेच दुखू लागते. ऑपरेशनमध्ये नुसते खडे नव्हे, पूर्ण पित्ताशय काढतात. त्यात पित्तनलिकेला इजा होण्याचा धोका कमी असला, तरी झाली तर ती निस्तरणे महाकठीण.

मात्र आधी ‘त्रास नाही’ हे नीट तपासा. गॅस, ढेकर, आंबट पाणी यांचा दोष खड्यांवर टाकू नका. पित्ताशय काढूनही ते बऱ्याचदा तसेच राहतात. खड्याची कळ वेगळी : बेंबीच्या वर किंवा उजव्या बरगडीखाली येते, अर्धा तास ते काही तास टिकते, पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाते. अशी कळ एकदा आली, की सर्जनला भेटा. ताप, कावीळ किंवा गडद लघवी असेल तर त्याच दिवशी.

खडा ३ सेंटिमीटरहून मोठा, १ सेंटिमीटर वा मोठा पॉलिप (पित्ताशयाच्या आतल्या भिंतीवरची वाढ), पित्ताशयाच्या भिंतीत कॅल्शियम, सिकलसेलसारखा रक्तविकार : यांत त्रास नसतानाही ऑपरेशनचा विचार होतो. रिपोर्टमध्ये हे शब्द शोधा. विरघळवणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात, त्याही कोलेस्टेरॉलच्या लहान खड्यांवरच चालतात, आणि खडे पुन्हा होतात.