पत्रावर सही करू का?

प्रश्न : बाई, माझी मुलगी नववीत आहे. भांडुपहून दादरला एका क्लबात खो-खो खेळायला जाते. सरांचे नियम फार कडक आहेत. आठवड्यात दोन सराव बुडाले की पुढच्या सामन्यात बाहेर बसायचं. एक मुलगी उशिरा आली तरी अख्ख्या संघाने मैदानाला फेऱ्या मारायच्या. कारण सांगितलेलं चालत नाही, पाळी असली तरी नाही. पालकांनी मैदानावर तोंड उघडायचं नाही. मागच्या महिन्यात क्लासच्या परीक्षेमुळे तिचे दोन सराव गेले आणि सरांनी तिला उपांत्य सामन्यात बसवून ठेवलं. आता पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘सरांना काढून टाका’ असं पत्र फिरतंय. मुलगी म्हणते, ‘आई, तू यात पडू नकोस.’ सही करू का?
– एक आई, भांडुप

उत्तर : या पत्रावर तरी करू नका. पण गप्पही बसू नका.

आधी बाहेर बसवण्याचं बोलू, कारण ग्रुप पेटलाय तो त्यावरून. खो-खोत आठ जणी पाटीवर, म्हणजे मैदानावर आखलेल्या चौकोनांत, बसतात, एकीआड एक उलट दिशेला तोंड करून, आणि नववी समोरच्या संघातल्या मुलींचा पाठलाग करते. तिला उलटं फिरता येत नाही, बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही. पलीकडे जायचं तर पाठीमागून खो द्यायचा आणि बसलेलीने त्या क्षणी सुटायचं. हे सगळं सरावातच जमतं. कोणती मुलगी खो मिळाल्यावर पाव सेकंद उशिरा उठते, कोणाचा सूर, म्हणजे झेप, उजवीकडेच चांगला पडतो, टोकाच्या खुंटाजवळ कोण गडबडते, हे शेजारच्या पाटीवर रोज बसल्याशिवाय कळत नाही. पळतीतही, म्हणजे बचाव करताना, तीन-तीनच्या तुकड्या असतात, एक लवकर बाद झाली की उरलेल्या दोघींची दमछाक. दोन सराव बुडवलेल्या मुलीला उपांत्य सामन्यात उतरवलं असतं, तर जी पोरगी रोज येऊन राखीव बसते तिच्या आईने मला पत्र लिहिलं असतं. हजेरीचा नियम सरांच्या अहंकारातून आलेला नाही, खेळातून आलाय. तो राहू द्या. परीक्षेची तारीख आधी माहीत होती ना? मग आठवडाभर आधी मुलीने स्वतः जाऊन सरांना सांगायचं होतं. तुम्ही नव्हे, तिने.

एक खोचक शंका विचारते, राग मानू नका. ग्रुपमधल्या किती जणांना सामन्याची काळजी आहे आणि किती जणांना दहावीच्या क्रीडागुणांची? गुणांसाठी मुलांना मैदानावर आणणाऱ्या पालकांशी माझं वाकडं नाही, पण मग तसं स्पष्ट बोलावं. ‘मुलीवर अन्याय झाला’ म्हणू नये.

आता फेऱ्यांचं. हा नियम मात्र वाईट आहे आणि त्याला विरोध करायलाच हवा. एकीच्या उशिरापायी सगळ्यांना पळवलं की शिस्त लागत नाही, त्या एका मुलीचा राग यायला लागतो. ती सहसा लांबून येणारीच असते. दादरच्या मुली चालत येतात, तुमची लेक मध्य रेल्वेने येते. पावसाळ्यात कुर्ला-शीवला रुळांवर पाणी साचलं की तिने काय करायचं? लोकलच्या उशिराची शिक्षा बाकीच्या पोरींनी का भोगायची? उशिरा येणारीने सराव संपल्यावर थांबून मैदानावरचं सामान आवरावं, एवढं पुरे.

पाळीची गोष्ट त्याहून गंभीर. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला पुरुष प्रशिक्षकासमोर उभं राहून कारण सांगायला लावणं हेच मुळात चूक, आणि सांगूनही न ऐकणं ही तर हद्द झाली. आमच्या संघात सोपी रीत होती : मुलगी कर्णधाराला फक्त ‘आज हलकं’ म्हणायची, आणि मीही पुढे विचारत नसे. दुखापतीलाही तेच लागू. पोटात कळा येत असताना सूर मारायला लावून कोणी राष्ट्रीय खेळाडू घडत नाही. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक आपल्या मुलींनी जिंकला, कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राचीच. त्या मुलींनाही पाळी येतेच की.

ग्रुपवर एखादे काका नक्की लिहितील की आचरेकर सरांनी सचिनलासुद्धा थोबाडीत दिली होती. दिली होती, स्वतः सचिननेच सांगितलंय. पण शिष्याने प्रेमाने सांगितलेली आठवण म्हणजे दुसऱ्या कुणाला मिळालेला परवाना नव्हे. सर हात उचलत असतील, अंगाला नको तसा स्पर्श करत असतील किंवा घाणेरडं बोलत असतील, तर पत्र, सह्या, समिती यांची वाट पाहायची नाही. लगेच 1098 ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही, तरी लेकीला एकदा शांतपणे विचारा.

मग करायचं काय? ‘यात पडू नकोस’ असं ती म्हणते, याचा अर्थ तिला काहीच खुपत नाही असा नाही. उद्या त्याच सरांसमोर पाटीवर तिला बसायचंय. म्हणून पहिलं बोलणं मुलींचं होऊ द्या. कर्णधार आणि आणखी दोघी, सामन्याचा दिवस सोडून, सराव सुरू व्हायच्या आधी. त्यांनी फेऱ्या आणि पाळी एवढंच काढायचं, संघनिवड नाही. सरांनी उडवून लावलं तर तुम्ही दोन-तीन पालक क्लबच्या समितीकडे जा. मागणी अशी करा की हंगामाच्या सुरुवातीला नियम लेखी मिळावेत, आणि मुलींच्या सरावाला एखादी ताई हजर असावी. क्लबच्या जुन्या खेळाडूंतली कोणीतरी सहज मिळेल. पालकांनी मैदानावर न बोलण्याचा नियम? तो मला फार आवडला. ‘अगं, खो दे, खो दे!’ असं बाहेरून ओरडणाऱ्या बापांमुळे पोरी दोनदा खो देतात नि पंच फाऊल देतो.

आणि पत्र टाइप करणाऱ्या गृहस्थांना ‘तात्काळ बडतर्फ’ हे शब्द आधी काढायला सांगा. अशा क्लबांतले बरेचसे सर बँकेतली, रेल्वेतली नोकरी आटपून संध्याकाळी फुकट शिकवायला येतात. बडतर्फ करायचं तरी कशावरून?