गुन्हा आणि गुनाह

मानसशास्त्रात एम. ए. करणाऱ्या एक वाचक उर्दू माध्यमातल्या विद्यार्थ्यांसाठी नैतिक निर्णयाची एक इंग्रजी चाचणी उर्दूत आणत आहेत. आधी त्यांनी मराठी खर्डा केला, मग त्यावरून उर्दू. 'गुन्हा' होता तिथे सरळ 'गुनाह' लिहिलं. उर्दू शिकवणाऱ्या सहकाऱ्यांनी ते खोडून सगळीकडे 'जुर्म' केलं. "शब्द एकच आहे, मग हरकत काय?" असा या वाचकांचा प्रश्न आहे.

शब्द एकच, हे खरं. फारसीतून दोन्हीकडे आला. पण मराठीत तो कोर्टकचेरीत रुळला आणि तिथलाच झाला. आपल्याकडे गुन्हा दाखल होतो, त्याला कलम लागतं, तपास होतो. उर्दूत गुनाह होतो तो देवाच्या दरबारात. त्याची तौबा करायची असते. आपल्या 'पाप' या शब्दाच्या जवळचा तो. म्हणून उर्दू बोलणारे एखादे बुजुर्ग स्वतःला नम्रपणे 'गुनहगार बंदा' म्हणवून घेतात. हेच वाक्य मराठीत 'मी गुन्हेगार माणूस' असं सांगितलं, तर ऐकणारा दोन पावलं मागे सरकेल! कायद्याने शिक्षा होते त्या कृत्याला उर्दूत 'जुर्म' आणि करणाऱ्याला 'मुजरिम'. दोहोंमधली भिंत अगदी पक्की नाही. निर्दोष सुटलेल्या आरोपीला उर्दूतही 'बेगुनाह' म्हणतात. तरीही सहकाऱ्यांनी केलेली दुरुस्ती बरोबर आहे.

एखाद्या कथेत हा फरक खपून गेला असता. इथे खपत नाही, कारण ही चाचणी नेमकं तेच मोजते. प्रश्नातल्या वर्णनावरून ती जेम्स रेस्ट यांनी १९७०च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात तयार केलेली 'डिफायनिंग इश्यूज टेस्ट' आहे. तिच्या मुळाशी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहलबर्ग यांची टप्प्यांची कल्पना आहे: माणसाचा नैतिक विचार पायरीपायरीने वर चढतो. हाइन्झची गोष्ट पुष्कळांना माहीत असेल: बायको मरणाच्या दारात, औषध शोधून काढणारा औषधवाला दोन हजार डॉलर मागतो, याच्याकडे जेमतेम हजार जमलेत, तर त्याने औषध चोरावं का? कोहलबर्ग मुलाखत घेत. रेस्ट यांनी गोष्टीखाली बारा मुद्दे छापले. प्रत्येक मुद्दा निर्णयासाठी किती महत्त्वाचा ते सांगायचं आणि मग त्यातले चार क्रमाने निवडायचे. शिक्षेची भीती, लोक काय म्हणतील, कायदा-सुव्यवस्था, त्यापलीकडची न्यायाची तत्त्वं, यांपैकी विद्यार्थ्याला काय वजनदार वाटतं यावर गुण ठरतात. आता कायद्याबद्दलच्या मुद्द्यात 'गुनाह' आला, की विद्यार्थी समाजाच्या व्यवस्थेचा विचार सोडून आखिरतचा, म्हणजे मरणानंतरच्या हिशेबाचा विचार करू लागतो. त्याचं उत्तर प्रामाणिकच असतं, पण ते तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं नसतं.

याहून फसवा शब्द तुमच्या खर्ड्यात असणारच: 'कायदा'. उर्दूत कायदा म्हणजे नियम, रीत. मुलांच्या अक्षरओळखीच्या पुस्तकालाही कायदाच म्हणतात. 'कायदे से बैठो' म्हणजे नीट बस. 'समाजाचे कायदे पाळले जावेत का' हे 'समाज के कायदे' असं उतरलं, तर वाचणाऱ्याला रीतिरिवाज दिसतील, आणि कोहलबर्गच्या शिडीवरचा चौथ्या पायरीचा (कायदा-सुव्यवस्था) मुद्दा नकळत तिसरीवर (लोक काय म्हणतील) येईल. तिथे 'कानून' हवा. 'अखलाकी' या शब्दालाही थोडी अशीच गंमत आहे: शास्त्रात तो नैतिक, पण घरात 'बदअखलाक' म्हणजे उद्धट. शीर्षकात 'अखलाकी इस्तिदलाल' (नैतिक युक्तिवाद) जड वाटत असेल तर 'अखलाकी फैसला' पुरे. (इस्तिदलाल, दलील आणि आपला दलाल हे एकाच अरबी धातूचे. वाट दाखवणं हा मूळ अर्थ. आपल्या वाट्याला फक्त कमिशन घेणारा आला.)

'हक'बद्दल मात्र सहकाऱ्यांशी सावकाश बोला. मराठीतला हक्क मागणाऱ्याच्या बाजूने बोलतो: माझा हक्क. उर्दूतही तो अर्थ आहे, पण 'हुकूकुल इबाद' (माणसांचे एकमेकांवरचे हक) म्हणताना नजर देणाऱ्यावर असते: माणसांचं माझ्याकडे काय देणं आहे. आईचा हक, शेजाऱ्याचा हक. औषधवाल्याच्या शोधावरचा त्याचा हक्क 'हक' म्हणून लिहिला, की काही मुलं बायकोचा नवऱ्यावरचा हक आठवतील. आणि हे उलट भाषांतराने पकडलं जात नाही. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७०मध्ये मांडलेली ती पद्धत, म्हणजे दुसऱ्या माणसाकडून मजकूर पुन्हा इंग्रजीत आणून मूळाशी ताडून बघायचा, चांगलीच आहे. पण 'राइट'चा हक होतो, हकचा पुन्हा 'राइट' होतो, आणि मधे काय झालं ते कागदावर उमटतच नाही.

मला सगळ्यात अवघड वाटतात ते त्या चाचणीतले मुद्दाम पेरलेले पोकळ मुद्दे. ऐकायला भारदस्त, आत अर्थ शून्य. भारी शब्दांवर भाळून उत्तर देणारे ओळखता यावेत म्हणून ते घातलेले आहेत. असे मुद्दे फार निवडणाऱ्याची उत्तरपत्रिका बाद करतात. चांगल्या अनुवादकाला अशा वाक्यात अर्थ ओतल्यावाचून राहवत नाही, आणि अर्थ आला की सापळा मोडला. उलट फारसी-अरबी समासांनी ते सजवले, तर उर्दूत ते इतके दिमाखदार होतात की मूळ इंग्रजीपेक्षा जास्त मुलं अडकतील. बाकीच्या मुद्द्यांची भाषा जितकी पुस्तकी, तितकीच यांचीही ठेवा.

एक पुरवणी. या चाचणीच्या १९९९च्या दुसऱ्या आवृत्तीत उत्तर भारतातल्या दुष्काळाची एक गोष्ट आहे. तिच्या नायकाचं नाव मुस्ताक सिंग! इक्बाल सिंग असतात, तसे मुश्ताक सिंगही असू शकतील, पण वर्गात त्या नावावर कुजबुज होईल. नाव बदलायचं तर चाचणीच्या हक्कधारकांची परवानगी घ्या. आणि छापण्याआधी चार-पाच विद्यार्थ्यांना प्रत्येक मुद्दा त्यांच्या शब्दांत परत सांगायला लावा. 'हक' आणि 'कानून' त्यांना कसे ऐकू येतात ते तिथेच कळेल.