आप्पा, स्ट्रॉबेरी आणि गेटावरचा काटा

न्यू जर्सीहून एका सुनेचं पत्र आलंय. सासरे दिंडोरी तालुक्यातले, चाळीस वर्षं द्राक्षबाग केलेले. मेअखेर सासू-सासरे दोघंही लेकाकडे चाललेत. जूनमध्ये सगळ्यांनी मिळून स्ट्रॉबेरी तोडायला शेतावर जायचं, असं हिने फोनवर सांगितलं, तर आप्पा पलीकडून म्हणाले, "म्हंजे तोडणी आपणच करायची, अन् वर पैसे बी आपणच द्यायचे?" दोन दिवस घरात हाच विनोद चालला. आता तिला पडलेला प्रश्न असा, की त्यांना न्यावं की नको? आणि न्यायचंच तर शेतावर की एखाद्या स्ट्रॉबेरी फेस्टिव्हलला?

आधी एक सांगते. आप्पांचं बोलणं तुम्ही विनोदावारी नेलंत, पण तो चाळीस वर्षांच्या हिशेबातून आलेला प्रश्न आहे. ऑक्टोबरच्या छाटणीपासून डिपिंग (घड संजीवकाच्या पाण्यात बुडवणं), विरळणी, मग तोडणी, प्रत्येक कामाला माणसं शोधायची, त्यांच्या उचली द्यायच्या, टेम्पो पाठवून आणायचं, सोडायचं. माल तयार झाला की व्यापारी बांधावर येणार, दोन घड चाखणार, आणि दर तो सांगणार. एखाद्या वर्षी क्रेट भरून माल जातो आणि पैसे मागं राहतात, ते राहतातच. अशा माणसाला "चला, तोडणीची मज्जा करू" म्हटल्यावर तो दुसरं काय बोलणार?

तरी न्या. फक्त सहल म्हणून नेऊ नका.

मी हे अनुभवाने सांगतेय. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, तेही द्राक्षाचंच. काही वर्षांपूर्वी मी आणि माझा थोरला भाऊ त्याच्या लेकीकडे कॅनडात, ओंटारिओत गेलो होतो. भाचीने असंच हौसेने शेतावर नेलं. आम्ही बायका-पोरं टोपल्या घेऊन ओळीत शिरलो. दादा बांधावरच उभा. मग खाली बसला, ओळींमधला पेंढा बाजूला सारून माती बोटांनी चुरली, पानं उलटी करून पाहिली. आपल्याकडे स्ट्रॉबेरीला मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर अंथरलेला प्लास्टिकचा कागद असतो, तिथं गव्हाचा पेंढा पसरलेला. फळ मातीला टेकत नाही, पावसाचा चिखल उडत नाही, तणही कमी. "हे बरंय, कागद गोळा करायची कटकट नाही," एवढंच बोलला. निघताना मात्र गेटाजवळ थांबला तो हलेचना. तिथं एक टेबल, त्यावर काटा, मागं फळ्यावर खडूने लिहिलेला दर. माणसं येत होती, टोपली काट्यावर ठेवत होती, पैसे देत होती आणि निघत होती. घासाघीस नाही, उधारी नाही. दादा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "गिऱ्हाईक बांधावर येतंय, अन् दर शेतकऱ्याने लिहिलाय."

दिवसभरात त्याला एवढीच गोष्ट आवडली. तुमच्या आप्पांनाही हीच आवडेल, असा माझा अंदाज आहे. त्यांच्या प्रश्नाचं उत्तरही त्या काट्यावरच आहे. तोडणीची मजुरी, पॅकिंग, वाहतूक, मधली दलाली एवढं सगळं त्या शेतकऱ्याचं वाचतं आणि पैसा संध्याकाळी हातात असतो. आपण तोडतो म्हणून त्याचं जमतं. हे त्यांना तिथं उभं राहून सांगा, फोनवर नको.

त्यासाठी शनिवार-रविवार टाळा. सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, टेबलावर कॉलेजची पोरं बसवलेली असतात, मालकाला मान वर करायला फुरसत नसते. आठवड्यातला दिवस धरून सकाळी शेत उघडायच्या वेळेला पोहोचा. तुम्हाला रजा मिळत नसेल तर नवऱ्याला घ्यायला लावा. वडील त्यांचेच आहेत. मालक भेटला तर आप्पांची ओळख "भारतात द्राक्षं पिकवतात" अशी करून द्या आणि बाजूला व्हा. दुभाष्या म्हणून नातवाला उभा करा. त्याला वाफा, ठिबक, फवारणी, तोडणी हे चार शब्द आधी शिकवून ठेवा. एरवी आजोबा-नातवाचं बोलणं "जेवलास का"च्या पुढं जात नाही, अशी तक्रार मला निम्म्या पत्रांतून वाचायला मिळते. ठिबकच्या नळ्या दाखवत दोन शेतकरी बोलायला लागले की मधल्या पोराला गप्प बसणं जमत नाही.

आता हंगाम. तुमच्याकडे मेअखेर ते जूनचा तिसरा आठवडा, जेमतेम तीन-चार आठवडे. फळ पावसावर आणि उन्हावर अवलंबून, त्यामुळे निघायच्या सकाळी फोन करून विचाराच. आदल्या दिवशी गर्दीने शेत झाडून नेलेलं असतं. बाकीच्या वाचकांसाठी पटकन सांगते. इंग्लंडमध्ये जून-जुलै, फ्लोरिडात हिवाळा ते मार्च, मेलबर्नच्या बाजूला नोव्हेंबरपासून उन्हाळाभर, तर क्वीन्सलँडला जून ते ऑक्टोबर. जपानमध्ये हरितगृहांत जानेवारी ते मे असते, आणि तिथली तऱ्हा न्यारी. बहुतेक ठिकाणी तिकीट काढायचं आणि ठरलेल्या वेळात, अर्धा तास म्हणा, पोटात मावेल तेवढं तिथंच खायचं. घरी न्यायचं नाही. आपल्या हुरडा पार्टीचीच धाकटी बहीण.

फेस्टिव्हलचं विचारलंत. ती जत्रा असते. फ्लोरिडातल्या प्लांट सिटीचा उत्सव 1930 पासून चालत आलाय. फेब्रुवारीअखेरीस सुरू होतो, पाळणे, गाण्याचे कार्यक्रम, जनावरांचं प्रदर्शन, सगळं असतं. टेक्सासात पोटीटला एप्रिलमध्ये भरतो. शॉर्टकेक नावाचा प्रकार तिथं खाण्यासारखा, ना धड बिस्किट ना धड केक, वर स्ट्रॉबेरी आणि साय. पोरांना एकदा जरूर न्या. पण पार्किंगपासून मैलभर चालणं, रांगा, डोक्यावर ऊन आणि मोठ्याने गाणी हे सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपणार नाही. आणि तिथं शेत दिसतच नाही. आपल्याकडेही पाचगणीजवळ ईस्टरच्या सुमारास मॅप्रोच्या बागेत स्ट्रॉबेरी महोत्सव होतो, त्याचीही गत तीच. फळ भरपूर, पण भर जत्रेवरच. दोन्हींतलं एक निवडायचं तर तुम्ही शेत निवडा.

सासूबाईंचं थोडं. स्ट्रॉबेरीचं रोप वीतभर उंच, सगळं काम वाकून किंवा उकिडवं बसून. घरून एक छोटं प्लास्टिकचं स्टूल न्या. चपला नकोत, बंद बूट घाला, दवाने ओळी ओल्या असतात. स्वच्छतागृह कुठं आहे ते उतरल्या उतरल्या बघून ठेवा. वाकणं अगदीच जमत नसेल तर जुलैत ब्लूबेरीला न्या, ती झुडपं छातीएवढी, उभ्या उभ्या तोडता येतात. डोंगरातल्या जाळीतली करवंदं काढलेल्या बाईला ते काम शिकवावं लागत नाही. काटेही नाहीत.

तोडण्याबद्दल आप्पा तुम्हाला शिकवतील, उलटं होऊ देऊ नका. द्राक्ष आणि स्ट्रॉबेरी यांची एक खोड सारखी आहे. तोडल्यावर दोन्ही गोड होत नाहीत. आंब्यासारखी अढी घालता येत नाही; वेलीवर, रोपावर जेवढी साखर उतरली तेवढीच. आम्ही त्या दिवशी खांद्याशी पांढरी राहिलेली फळंही भराभरा टोपलीत टाकली, घरी जाऊन लाल होतील म्हणून. लाल झाली, आंबट राहिली. दादाच्या टोपलीत पाव भागच भरला होता, पण एकही फळ कच्चं नव्हतं. फळ धरून ओढू नका, हिरव्या टोपीच्या वर देठ नखाने खुडा. टोपी निघाली की फळ लवकर खराब होतं.

खायचं का? फळ्यावर नियम लिहिलेला असतो. कुठं चाखायला मुभा, कुठं माणशी प्रवेश फी त्यासाठीच घेतात, कुठं सक्त मनाई. आपली मंडळी इथं जरा सैल वागतात, ते मला आवडत नाही. पोटभर खाऊन शेवटी अर्धी टोपली काट्यावर ठेवणारी कुटुंबं मी पाहिलीत. आपल्या बागेत कोणी असं केलं असतं तर आपण काय म्हटलं असतं ते आप्पांना विचारा. शेवटची फवारणी कधी झाली हे विचारायलाही लाजू नका. आप्पांना तो प्रश्न पहिल्यांदा सुचेल.

पत्रात शेवटी तुम्ही डिसेंबरात नाशिकला येणार असं लिहिलंय, आणि तोवर पोरांना सवय झालेली असणार. ती इथंही "पिक युवर ओन", म्हणजे आपलं आपण तोडून घ्यायचं शेत, मागणार. वणीवरून सापुताऱ्याच्या रस्त्याला लागा. सुरगाणा तालुक्यात बोरगावच्या आसपास हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीचे ढीग लावलेले दिसतील. डिसेंबर ते मार्च चालतं. नाशिकपासून दोन तासांची वाट. मागच्या वाफ्यात उतरू देतात, पण विचारून. ते शेत पर्यटनाचं नाही, अर्ध्या-पाऊण एकरावर एखादं घर चाललेलं असतं. पोरांनी तोडलेलं सगळं, चुकून तोडलेलं कच्चंही, सांगितलेल्या दराने विकत घ्या आणि तिथं घासाघीस नको. आणि आप्पांना बरोबर न्याच. सुरगाणा-पेठकडचीच माणसं टोळ्यांनी दिंडोरी-निफाडला छाटणी-डिपिंगला येतात. त्या ढिगामागं बसलेलं कुणी आप्पांच्या बागेत राबून गेलेलं निघालं, तर मला आश्चर्य वाटणार नाही. त्या गप्पा मात्र नातवाला शब्द न शिकवताही कळतील.

द्राक्षबागेत जाल तेव्हा पोरांचे हात खिशात. मण्यांवर जी मेणाची पांढुरकी झाक दिसते ती धूळ नसते, ती जपलेली असते. बोट लागलं की पुसली जाते, आणि निर्यातीच्या मालाला डाग दिसतो. फोटोसाठी घड तळहातावर घेऊ नका. परतीच्या बॅगेत ताजी फळं टाकायचा मोहही आवरा. अमेरिकेच्या विमानतळावर ती काढून घेतात, वर न सांगता नेली तर दंड.

जूनच्या बेतात एक चूक आमच्यासारखी करू नका. चार क्वार्टची, म्हणजे साधारण चार लिटरची टोपली हलकी वाटते, भरली की अडीच किलोच्या घरात जाते. आम्ही तशा तीन भरल्या, डिकीत ठेवल्या, आणि वाटेत जेवायला दीड तास थांबलो. घरी पोहोचेपर्यंत खालच्या थराचं पाणी झालं होतं. रात्री अकराला भाचीच्या स्वयंपाकघरात फळाच्या निम्म्यापेक्षा थोडी जास्त साखर घालून मोरंबा शिजत होता, आणि दादा शेजारी बसून देठ काढत म्हणत होता, "पैसे दिले, तोडणी केली, आता प्रोसेसिंगपण आम्हीच." तेव्हा माणशी एकच टोपली घ्या, डिकीत बर्फाचा डबा ठेवा, फळ न धुता फ्रीजमध्ये पसरा आणि खाताना धुवा. साखर मात्र घरात असू द्या.